विश्लेषण : दुःख पचवण्यासाठी विनोदी गाणी? रॅचेल ब्लूम यांचा ‘मृत्यूशी संवाद’ काय सांगतो?

विनोदी कार्यक्रमाचे तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर कलाकाराने जवळच्या माणसाच्या मृत्यूविषयी बोलावे, त्यावर गाणी म्हणावीत आणि प्रेक्षकांनी मनापासून हसावे, हे अनेकांना विचित्र वाटेल. मात्र गेल्या दशकभरात अमेरिका आणि ब्रिटनमधील रंगभूमीवर अशा प्रयोगांची एक ठळक धारा तयार झाली आहे. अभिनेत्री-गीतकार रॅचेल ब्लूम यांचा ‘डेथ, लेट मी डू माय शो’ हा त्यातील अलीकडचा महत्त्वाचा प्रयोग. हसण्याने शोक खरेच हलका होतो का, त्यात गाण्याचे काम काय आणि या प्रकाराला मर्यादा कोणत्या, याचा आढावा.

रॅचेल ब्लूम आणि ॲडम श्लेसिंजर कोण?

१९८७ मध्ये कॅलिफोर्नियात जन्मलेल्या रॅचेल ब्लूम २०१० पासून यूट्यूबवरील विनोदी गाण्यांच्या चित्रफितींमुळे ओळखल्या जाऊ लागल्या. लेखिका अलाइन ब्रॉश मॅकेना यांच्यासह त्यांनी निर्माण केलेली ‘क्रेझी एक्स-गर्लफ्रेंड’ ही संगीतमय मालिका २०१५ ते २०१९ या काळात अमेरिकी दूरचित्रवाणीवर चार पर्वे चालली. त्यातील भूमिकेसाठी ब्लूम यांना २०१६ मध्ये गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्कमधील चांगली नोकरी सोडून जुन्या प्रियकराच्या गावी राहायला जाणारी वकील, असे वरवर हलकेफुलके कथानक असलेल्या या मालिकेचा खरा विषय मानसिक आजार हा होता. नैराश्य, आत्मघृणा, उपचार हे सारे त्यात विनोदी गाण्यांतून येत असे.

मालिकेच्या चार पर्वांत दीडशेहून अधिक गाणी झाली. ब्लूम, जॅक डॉल्जन आणि ॲडम श्लेसिंजर या तिघांनी त्यातील बहुतेक गाणी मिळून रचली. श्लेसिंजर हे ‘फाउंटन्स ऑफ वेन’ या रॉक बँडचे सहसंस्थापक. टॉम हँक्स दिग्दर्शित ‘दॅट थिंग यू डू!’ (१९९६) या चित्रपटाच्या शीर्षकगीतासाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले होते. १९६० च्या दशकातील पॉपपासून ब्रॉडवेच्या संगीतिकेपर्यंत कोणत्याही ढंगाची हुबेहूब चाल बांधणे ही त्यांची हातोटी. नैराश्यावरील गोळ्या घेण्यात काही विशेष नाही, असे सांगणाऱ्या नृत्यगीतासाठी या तिघांना २०१९ मध्ये एमी पुरस्कार मिळाला. म्हणजे गंभीर गोष्ट आनंदी चालीत बसवण्याचे तंत्र ब्लूम यांनी ज्यांच्या सोबतीने घडवले, त्यात श्लेसिंजर यांचा वाटा मोठा होता.

मार्च-एप्रिल २०२० मध्ये नेमके काय घडले?

करोनाची पहिली लाट अमेरिकेत उसळत असताना, मार्च २०२० च्या अखेरीस ब्लूम यांना मुलगी झाली. फुप्फुसात पाणी असल्याने बाळाला नवजात अतिदक्षता कक्षात ठेवावे लागले. त्याच दिवसांत देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्क राज्यातील एका रुग्णालयात श्लेसिंजर करोनाशी झुंजत होते. १ एप्रिल २०२० रोजी त्यांचे निधन झाले. ते ५२ वर्षांचे होते.

एकीकडे बाळंतपण आणि बाळाच्या जिवाची काळजी, दुसरीकडे सर्वांत जवळच्या सहकाऱ्याचा मृत्यू, हे सारे एकाच आठवड्यात घडले. टाळेबंदीमुळे विमानाने जाऊन अंत्यदर्शन घेणे, मित्रांनी एकत्र जमून आठवणी काढणे, यातले काहीही शक्य नव्हते. शोक करायला लागणारी माणसे आणि जागा दोन्ही काढून घेतली गेली होती. त्या काळात जगभर असंख्य कुटुंबांच्या वाट्याला हेच आले. ब्लूम यांच्या प्रयोगाचे मूळ या न झालेल्या निरोपात आहे.

प्रयोगात काय आहे?

‘डेथ, लेट मी डू माय शो’ सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लुसिल लॉर्टेल थिएटरमध्ये ‘ऑफ-ब्रॉडवे’ रंगमंचावर आला. ऑफ-ब्रॉडवे म्हणजे साधारण १०० ते ४९९ आसनांची, ब्रॉडवेपेक्षा लहान नाट्यगृहे. सेथ बॅरिश यांनी दिग्दर्शित केलेल्या या प्रयोगाचे चित्रीकरण ‘डेथ, लेट मी डू माय स्पेशल’ या नावाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आले.

प्रयोगाची सुरुवात एका नकाराने होते. जग बंद पडण्याआधी, २०१९ मध्ये जो कार्यक्रम करायचे ठरवले होते तोच आपण करणार, मधल्या काळाचा विषयच नको, असे ब्लूम जाहीर करतात. फुलांना चमत्कारिक वास येणाऱ्या एका झाडावरचे वात्रट गाणे म्हणतात. तेवढ्यात प्रेक्षकांतून एक जण व्यत्यय आणू लागतो. हा आगंतुक म्हणजे साक्षात मृत्यू. अभिनेता डेव्हिड हल यांनी ही भूमिका केली आहे. त्यामुळे काटेकोर अर्थाने हा प्रयोग पूर्णपणे एकपात्री नाही, पण त्याचा सारा डोलारा एकट्या ब्लूम यांच्या कथनावर आणि गाण्यांवर उभा आहे. मृत्यूचे म्हणणे एवढेच, की माझ्याविषयी बोलल्याशिवाय तुला पुढे जाता येणार नाही.

येथून प्रयोग बाळंतपण, अतिदक्षता कक्ष आणि श्लेसिंजर यांच्या निधनाकडे वळतो. मेलेले पाळीव प्राणी इंद्रधनुष्याच्या पुलाशी मालकाची वाट पाहत थांबतात, या अमेरिकेत लोकप्रिय असलेल्या गोड कल्पनेवरही एक गाणे आहे. विनोदाच्या आडून त्यात विचारलेला प्रश्न गंभीर आहे : परलोकावर विश्वास नसलेल्या माणसाने दुःखात कशाचा आधार घ्यायचा? या प्रयोगाचा प्रामाणिकपणा त्याच्या रचनेत आहे. दुःखाला थेट भिडण्याचा आव न आणता तो आधी टाळाटाळ दाखवतो. शोकात बहुतेक माणसे तेच करतात.

असे प्रयोग याआधी कोणी केले?

यातील सर्वांत गाजलेले उदाहरण टिग नोटारो यांचे. २०१२ मध्ये अवघ्या काही महिन्यांत त्यांना न्यूमोनिया आणि नंतर आतड्याचा गंभीर जंतुसंसर्ग झाला, आईचे पडून अपघाती निधन झाले, प्रेमसंबंध तुटले आणि पाठोपाठ स्तनांच्या कर्करोगाचे निदान झाले. निदानाला काही दिवसच झाले असताना, ३ ऑगस्ट २०१२ रोजी लॉस एंजेलिसच्या ‘लार्गो’ या नाट्यगृहात त्यांनी नेहमीच्या अभिवादनाच्या सुरात प्रेक्षकांना आपल्याला कर्करोग असल्याचे सांगून टाकले. सभागृहात हसू आणि धक्का एकाच वेळी उमटला. मधेच त्यांनी नेहमीचे विनोद सांगू का, असे विचारले तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना थांबवले. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण ‘लाइव्ह’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि त्याला ग्रॅमीचे नामांकन मिळाले.

विनोदवीर पॅटन ओस्वाल्ट यांच्या पत्नी, गुन्हेविषयक लेखिका मिशेल मॅकनमारा यांचे एप्रिल २०१६ मध्ये झोपेत निधन झाले. दीड वर्षाने, ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या ‘ॲनायहिलेशन’ या कार्यक्रमात ओस्वाल्ट आधी राजकारणावर विनोद करतात आणि मग लहान मुलीला आई गेल्याचे सांगण्याच्या प्रसंगाकडे येतात. लॉरी किलमार्टिन यांनी वडिलांच्या अखेरच्या दिवसांत समाजमाध्यमावर टाकलेल्या विनोदी नोंदींतून ‘४५ जोक्स अबाउट माय डेड डॅड’ (२०१६) हा कार्यक्रम उभा राहिला. मायकेल क्रूझ केन यांनी २००९ मध्ये नवजात मुलगा गमावला होता. त्यावरचा ‘सॉरी फॉर युअर लॉस’ हा त्यांचा प्रयोग २०२३ मध्ये रंगमंचावर आला.

ही यादी काळाच्या अंतरासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. नोटारो यांना बोलायला काही दिवस पुरले, ओस्वाल्ट यांना दीड वर्ष लागले, ब्लूम यांना तीन वर्षांहून अधिक आणि केन यांना जवळपास दीड दशक. दुःखावर बोलण्याची ‘योग्य वेळ’ अशी काही ठरलेली नसते. दुसरीकडे, १९४७ पासून भरणाऱ्या एडिनबरा फ्रिंज महोत्सवात आई किंवा वडिलांच्या मृत्यूवरील विनोदी प्रयोग इतके झाले, की ‘डेड डॅड शो’ असे काहीसे थट्टेचे लेबलच समीक्षकांत रूढ झाले. एखाद्या प्रकाराची थट्टा होऊ लागली, की तो रुळला असे समजावे.

मृत्यूवर हसू येतेच कसे?

सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२७ च्या ‘ह्यूमर’ या निबंधात फाशीच्या तख्ताकडे सोमवारी नेल्या जाणाऱ्या कैद्याचे उदाहरण दिले आहे. आठवड्याची सुरुवात तर झकास झाली, अशा अर्थाचे काही तरी तो म्हणतो. फ्रॉइड यांच्या मते अशा विनोदात माणूस वस्तुस्थिती नाकारत नाही, तिच्यापुढे दबून जायला नकार देतो. स्वतःकडे जरा उंचावरून, वडीलधाऱ्याने लहान मुलाकडे पाहावे तसे तो पाहतो.

अलीकडे पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी २०१० मध्ये मांडलेला सिद्धांत चर्चेत असतो. त्यांच्या मते एखादी गोष्ट आपल्या योग्य-अयोग्याच्या कल्पनांना धक्का देते आणि त्याच वेळी आपल्याला तिच्यापासून धोका नाही असेही वाटते, तेव्हा हसू येते. धक्का नसेल तर गोष्ट मिळमिळीत होते, सुरक्षितता नसेल तर ती भयंकर वाटते. सुरक्षितता येते अंतरातून : काळाचे, स्थळाचे किंवा मांडणीचे अंतर. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ‘सँडी’ वादळ धडकले. त्यावरील विनोदांना लोक कसा प्रतिसाद देतात, हे मॅकग्रॉ आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या टप्प्यांवर तपासले. वादळाने हानी केली त्या काळात विनोद आवडेनासे झाले. नंतर ते पुन्हा मजेदार वाटू लागले, साधारण ३६ दिवसांनी सर्वाधिक मजेदार वाटले आणि पुढे त्यांतील गंमत ओसरली. अर्थात ३६ दिवस हा शोकाचा नियम नव्हे. वादळ बातमीत पाहणाऱ्याचे आणि आई गमावलेल्याचे घड्याळ एक नसते. पण अंतर फार कमी असले तरी विनोद फसतो आणि फार वाढले तरी फसतो, हा मुद्दा रंगमंचावरही लागू पडतो.

गाण्याची गरज का भासते?

अंतर तयार करण्याचे गाणे हे एक जुने साधन आहे. चाल आणि शब्द परस्परविरोधी ठेवले, की ऐकणारा दोन्हींच्या मध्ये अडकतो. आनंदी ठेक्यावर पाय हलत असतो आणि कानांवर मात्र अतिदक्षता कक्षाचे वर्णन पडत असते. या विसंगतीतून हसू येते आणि त्याच फटीतून दुःख आत शिरते. यमकाचेही असेच. पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज श्रोता बांधत असतो. तो अंदाज चुकवला की विनोद होतो, आणि नको असलेला नेमका तोच शब्द आला की छातीत धस्स होते.

दुसरे कारण लिहिणाऱ्याच्या बाजूचे आहे. शोक अमर्याद वाटतो, पण गाणे तीन-चार मिनिटांत संपवावे लागते. किती मात्रा, कुठे सम, ध्रुवपद किती वेळा, असले कारागिरीचे प्रश्न सोडवताना दुःख हा हाताळण्याचा माल बनतो. ते नाहीसे होत नाही, पण त्याला काठ मिळतात. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते, तशी शोकाची कळही येते. फरक इतकाच, की गाण्यात ती कधी येणार हे आधी माहीत असते. गायनाला सावकाश सोडलेला, ताब्यातला श्वास लागतो. हुंदक्याने गळा आवळला तर सूर लागत नाही. त्यामुळे विनोदी गाणे वेळ साधून, सुरात म्हणायचे तर कलाकाराला रडू आवरावेच लागते. ब्लूम यांच्याबाबत आणखी एक गोष्ट होती. ज्यांच्यासोबत बसून गाणी रचायची, तोच माणूस गेला होता. अशा वेळी नवे गाणे लिहायला बसणे म्हणजेच त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसणे.

गाणे कायम तेच काम करील असेही नाही. चार वर्षांच्या मुलाच्या अपघाती मृत्यूनंतर एरिक क्लॅप्टन यांनी ‘टिअर्स इन हेवन’ हे गाणे सहकाऱ्यासोबत लिहिले. १९९२ मध्ये ते जगभर पोहोचले. मात्र २००४ मध्ये, ती वेदना आता पूर्वीसारखी जाणवत नाही असे सांगून, क्लॅप्टन यांनी ते कार्यक्रमांत गाणे काही वर्षांसाठी थांबवले. श्रोत्यांसाठी गाणे तेच राहते, पण गाणाऱ्याची त्याची गरज संपू शकते.

संशोधन काय सांगते?

शोकाचे पाच टप्पे असतात, ही समजूत सर्वत्र आढळते. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते मरणासन्न रुग्णांच्या संदर्भात. मागे राहिलेल्यांसाठी ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे क्रमाने येत नाहीत. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेले प्रारूप अधिक वास्तव मानले जाते. त्यानुसार शोकग्रस्त माणूस दोन टोकांत हेलकावे खात असतो. एकीकडे गमावलेल्या माणसाची ओढ, दुसरीकडे बँक, शाळा, स्वयंपाक अशी रोजची कामे. सतत पहिल्या टोकाला राहणे जसे घातक, तसेच सतत दुसऱ्या टोकाला पळणेही. हा हेलकावा म्हणजे चंचलपणा नव्हे, तोच सावरण्याचा मार्ग. विनोदातून अश्रूंकडे आणि परत विनोदाकडे जाणारा प्रयोग नेमका हाच हेलकावा तासाभरात घडवतो.

हसण्याविषयीचा थेट पुरावाही आहे. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांनी १९९७ मध्ये, जोडीदार गमावून सहा महिने झालेल्या व्यक्तींच्या मुलाखतींतील चेहऱ्यावरील भाव अभ्यासले. गेलेल्या माणसाविषयी बोलताना जे खरेखुरे, डोळ्यांपर्यंत पोहोचणारे हसले, त्यांच्यात राग कमी आणि इतरांशी नाते अधिक चांगले असल्याचे दिसले. मात्र हा परस्परसंबंध आहे. हसल्यामुळे ते सावरले की सावरत होते म्हणून हसू शकले, हे त्यातून ठरत नाही.

लेखनाबाबतही सावध राहायला हवे. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात चार दिवस, रोज १५ मिनिटे मनातील आघाताविषयी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना पुढील काही महिन्यांत डॉक्टरांकडे कमी जावे लागले. पण नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम माफक निघाला. आप्ताच्या मृत्यूबाबत तर मन मोकळे केल्याने सावरणे लवकर होते, असा ठोस पुरावा श्ट्रोबे आणि सहकाऱ्यांना मिळाला नाही. ‘बोलून टाक, मोकळी होशील’ हा सल्ला सर्वांना सारखा लागू पडत नाही.

या प्रकारावर आक्षेप कोणते?

सर्वांत धारदार आक्षेप विनोदाच्या आतूनच आला. ऑस्ट्रेलियन विनोदकार हॅना गॅड्सबी यांच्या ‘नॅनेट’ या प्रयोगाला २०१७ मध्ये एडिनबरा येथे विभागून सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. गॅड्सबी यांचे म्हणणे थोडक्यात असे : विनोद म्हणजे ताण निर्माण करणे आणि तो सोडवणे. कथेला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो. विनोदाला सुरुवात आणि मध्य पुरतो. हशा मिळाला की गोष्ट तिथेच थांबवावी लागते. त्यामुळे वेदनेचा प्रसंग विनोदात गोठून बसतो आणि रात्रीमागून रात्री तोच अर्धवट प्रसंग सांगितल्याने सांगणाऱ्याची स्मृतीही अर्धवट राहते. दुःखावर विनोद करणाऱ्या प्रत्येकाला याचे उत्तर द्यावे लागते. नोटारो, ओस्वाल्ट आणि ब्लूम यांचे प्रयोग टिकतात, ते हशा थांबल्यावरही गोष्ट पुढे नेतात म्हणून.

दुसरा आक्षेप गेलेल्यांच्या वतीने आहे. त्यांची संमती घेता येत नाही. आईचे शेवटचे दिवस, बाळाचा आजार, पत्नीची आठवण हे एकट्या कलाकाराचे नसते; भावंडे, सासर-माहेर, मुले यांचाही त्यावर हक्क असतो. एका घरातील सगळ्यांचा शोक एका वेगाने चालत नाही. एकाला विनोद सुचतो तेव्हा दुसऱ्याला फोटोकडे पाहवत नसते.

तिसरा प्रश्न प्रेक्षकांचा. तिकीट काढून आलेल्यांना कलाकाराने आपले समुपदेशक करावे का? जखम ताजी आणि मांडणी कच्ची असेल तर प्रेक्षक हसायचे सोडून कलाकाराची काळजी करू लागतात. प्रयोग हा उपचार नव्हे. उपचारानंतर किंवा उपचारासोबत केलेले ते काम आहे.

मराठी परंपरेत असे काही आहे का?

मराठी रंगभूमीची एक आख्यायिका बनून गेलेली घटना याच्या नेमकी उलटी आहे. १२ मार्च १९११ रोजी ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहान मुलीचे निधन झाले. प्रयोग रद्द झाला नाही. ते उभे राहिले आणि गायले. दुःख रंगपटात ठेवून रंगमंचावर यायचे, ही त्या पिढीची कलाधर्माची कल्पना होती. ब्लूम यांच्या पिढीची कल्पना दुःखच रंगमंचावर आणण्याची आहे. पहिल्यात शिस्त होती, पण कलाकाराने रडायचे कुठे, याचे उत्तर नव्हते.

हसू आणि मरण एकत्र नांदवणे मात्र मराठीला नवे नाही. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त तळीरामाचे विनोद शोकांतिकेला बाधा न आणता तिची धार वाढवतात. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ या एकपात्री प्रयोगाचा शेवट ‘चिंतना’ने होतो आणि पोट धरून हसलेले सभागृह शांत होते. त्याहून जवळचे उदाहरण गावागावांत आजही दिसते. दशक्रियेला प्रवचन आणि वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवण्याची पद्धत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सर्रास आहे. कीर्तनकार एकटा उभा राहतो, अभंग गातो, मृत्यूच्या अटळपणाविषयी सांगतो आणि मध्येच असा दृष्टांत देतो, की मांडवात हशा पिकतो. गेलेल्या माणसाचे घरचेही हसतात. त्याला कोणी अपमान मानत नाही. एक माणूस, गाणे, विनोद आणि मृत्यू हे मिश्रण आपल्याकडे आधीपासून आहे. फरक एवढाच, की कीर्तनकार दुसऱ्याच्या दुःखावर बोलतो आणि त्याच्या पाठीशी परमार्थाचा आधार असतो. ब्लूम स्वतःच्या दुःखावर बोलतात आणि तो आधार त्यांच्यापाशी नाही.

करोनानंतरच्या शोकासाठी याचा अर्थ काय?

भारतात २०२० च्या टाळेबंदीत अंत्यविधीला २० जणांहून अधिक माणसांना परवानगी नव्हती. करोनाने गेलेल्यांच्या बाबतीत तर अनेक घरांना चेहराही पाहता आला नाही. दहावा-तेरावा फोनवर उरकला गेला. जे जमणे, रडणे, जेवणे आणि आठवणी काढून हसणे या दिवसांत व्हायचे, ते झालेच नाही. या विधींचे धार्मिक कारण काहीही असो, त्यांचे एक व्यावहारिक काम होते. शोक करणाऱ्याला ठरावीक दिवस माणसांच्या गराड्यात ठेवणे आणि मग हळूहळू रोजच्या कामाला लावणे.

ब्लूम यांचा प्रयोग त्या न झालेल्या जमण्याची उशिराची भरपाई म्हणून पाहिला तर अधिक नीट समजतो. काहीशे अनोळखी माणसे एका छपराखाली जमतात, गेलेल्या माणसाचे नाव मोठ्याने घेतले जाते, त्याचे किस्से सांगितले जातात, हसणे-रडणे होते आणि सगळे आपापल्या घरी जातात. अशा भरपाईसाठी प्रत्येकाने रंगमंचावर जाण्याची गरज नाही. चार वर्षे उलटून गेल्यावरही वर्षश्राद्धाच्या निमित्ताने माणसे बोलावता येतात, वडिलांचे ठरलेले विनोद नातवंडांना सांगता येतात.

ज्यांचा शोक अजिबात ओसरत नाही, त्यांच्यासाठी मात्र विनोद हा पर्याय नव्हे. दीर्घकाळ चालणाऱ्या तीव्र शोकाला वैद्यकशास्त्राने आता स्वतंत्र आजार मानले आहे. निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिने आणि अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या निकषांत प्रौढांसाठी किमान एक वर्ष हा कालावधी धरला आहे. अशा वेळी तज्ज्ञांची मदत घ्यायला हवी. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी चोवीस तास उपलब्ध असतो. बाकीच्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे, की सुतकाच्या घरात कोणी हसले म्हणून त्याचे दुःख कमी ठरत नाही, आणि ते हसू ऐकून डोळे वटारणाऱ्यांनी घराला लागलेला थोडासा आधारही काढून घेऊ नये.